संध्याकाळी पाच ते अकरा : तुमच्या घरी काय चालतं?

पेठेतली आई

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. थोरला तिसरीत, सेमी-इंग्रजीला. धाकटी बालवाडीत, चार वर्षांची. थोरल्याला रिक्षावाले मामा पाचच्या आत दारात सोडतात. पुढं काय होतं ते लिहिते. दूध-बिस्कीट, साडेपाचला ट्यूशन, आठवड्यातून दोनदा तिथूनच परस्पर अबॅकस. घरी आला की शाळेचा गृहपाठ, शिवाय ट्यूशनवाल्या बाईंचा वेगळा. जेवायला साडेनऊ. समोर मोबाइल नसला तर घास गालात धरून बसतो. झोपायला अकरा. सकाळी सातला उठवायचं म्हणजे घरात महाभारत, आणि खालच्या मजल्यावरच्यांना ते रोज फुकट ऐकायला मिळतं.

नवरा म्हणतो, सगळे क्लास बंद कर. सासूबाई म्हणतात, शेजारच्या पोराची अबॅकसची तिसरी लेव्हल झाली, आपलाच का मागं? मला दोघांचंही पटतं, म्हणूनच काही ठरत नाही. त्यात आता स्कॉलरशिपचा क्लास आत्तापासूनच लावा असं शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर सुरू झालंय.

तुमच्याकडे ही वेळ कशी जाते? काय काढलं, काय ठेवलं? उपदेश नको, घरात प्रत्यक्ष चालतं ते सांगा.

कडक चहा

वहिनी, ह्या सगळ्यात पोरगं खेळतंय कधी? तुमच्या यादीत खेळ कुठंच न्हाय. मी दोनदा वाचलं.

पेठेतली आई

रविवारी. तेही पाहुणे आले नाहीत तर.

करवीरचा मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तिसरी-चौथीचेच वर्ग जास्त केलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्यूशन लावायची की काढायची हे शेजारच्या पोराकडं बघून ठरवू नका, तुमच्या पोराकडं बघून ठरवा. त्याला घरातलं कुठलंही न वाचलेलं पान द्या, वर्तमानपत्रातली छोटी बातमी चालेल. मोठ्यानं वाचू दे आणि मग पुस्तक मिटून काय वाचलं ते त्याच्या शब्दांत सांगू दे. नंतर हातच्याची वजाबाकी द्या, मध्ये शून्य असलेली, ५०३ वजा १७८ असली. ह्या दोन गोष्टी जमत असतील तर तिसरीला ट्यूशनची गरज नाही. जमत नसतील तरी जी ट्यूशन शाळेचेच धडे तिसऱ्यांदा लिहून घेते, तिचा उपयोग नाही. त्याला नेमकं कुठं अडतंय तेवढंच कुणीतरी बसून करून घ्यायला पाहिजे, आणि त्याला दिवसाला वीस मिनिटं पुरतात.

दुसरं गृहपाठाचं. बहुतेक आया खोडरबर घेऊन शेजारी बसतात. चुकलं की पुसायचं, बरोबर करून लिहायला लावायचं. वही दुसऱ्या दिवशी माझ्याकडं चकाचक येते. मग मला कळणार कसं की ह्याला हातचा घेताच येत नाही? वहीतली चूक शाळेपर्यंत येऊ दे. ती बघूनच आम्ही काय शिकवायचं ते ठरवतो. राहिलं तर रोजनिशीत दोन ओळी लिहा, 'अर्धा तास बसला, एवढंच झालं.' एकाही शिक्षकाला याचा राग येत नाही. आला तर त्यांना भेटून बोला.

बसायची जागा आणि वेळ रोज तीच ठेवा. तुम्ही शेजारी बसा, पण हातात मोबाइल घेऊन नको. मेथी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. त्याचं काम चाललंय, तुमचंही चाललंय, एवढं त्याला दिसलं की पुरे.

आणि दप्तर एकदा काट्यावर ठेवून बघा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम आहे. २४ किलोच्या पोराला २ किलो ४०० ग्रॅम. ट्यूशनच्या वह्याही त्यात कोंबल्या की किती होतं ते तुम्हीच बघा.

मिश्किल माणूस

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. आता शाळेशिवाय तीन ठिकाणी धाडणाऱ्यांना दंड बसवायची वेळ आलीय. आमच्या बिल्डिंगीतनंच तिजोरी भरंल.

राजारामपुरीतला बाबा

हसलो, पण दुसरी बाजू मांडतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत, बायको बँकेत. घरी यायला तिला सात, मला साडेसात. आजी-आजोबा गावाकडं. मुलगी पावणेपाचला सुटते. मधले सव्वादोन तास तिनं कुठं काढायचे? अबॅकस, चित्रकला, ट्यूशन हे आमच्यासाठी शिक्षण नाहीच, तिला ओळखीच्या माणसांत, चार भिंतीत, सुरक्षित ठेवायची सोय आहे. फी त्याची भरतो. 'क्लास काढा' म्हणणाऱ्यांच्या घरात दुपारी कुणीतरी असतं, हे कृपया लक्षात घ्या.

अबॅकसबद्दल बोलायचं तर मुलीला मणी सरकवायला आवडतं. नुकसान काही दिसलं नाही.

पेठेतली आई

हे पटलं. माझ्याकडं सासूबाई आहेत म्हणून मी निदान विचार तरी करू शकते.

कागलची आज्जी

मी नातवंडांची आज्जी, मुलगा-सून इचलकरंजीला कामाला असतात म्हणून पोरं माझ्याजवळ.

अबॅकस वाईट न्हवं. पण आमचा नातू बोटं हलवून तीन आकडी बेरीज तोंडी सांगतो आणि भाजीवाल्या मावशीला शंभराची नोट देऊन पस्तीस रुपयांची भाजी घेतली तर परत किती यायचं म्हटल्यावर माझ्या तोंडाकडं बघतो. मग मी त्याला बाजाराला न्यायला लागले. पाव किलो गवारी चाळीस रुपये किलोनं किती, अर्धा किलोला किती, सुट्टे नसतील तर कोथिंबिरीची पेंडी घेऊन हिशेब कसा मिटवायचा. आता मावशीच त्याला आधी विचारते, 'सांग रं किती झालं?' चुकला तर बाजू घेत न्हाय, पैसं कमी आलं तर आलं.

पावणेदोन, अडीच, साडेतीन ह्यातलं ह्या पोरांना काही कळत न्हाय. घड्याळात बी 'थ्री फोर्टी फाय' म्हणतात. बाजारात आठवड्यात कळतंय.

कोल्हापुरात असता तर रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात न्या. गर्दीत हात सोडू नका एवढंच.

बालदवाखाना

मी बालरोगतज्ज्ञ आहे, इथं कुणाला औषध सांगणार नाही. मूळ पोस्टमधल्या तीन गोष्टींवर लिहिते.

झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास लागतात. अकरा ते सात म्हणजे आठच झाले. सकाळचं महाभारत हट्टीपणामुळं नाही, झोप अपुरी आहे म्हणून. क्लास, मोबाइल, अभ्यास ह्यातलं काय काढायचं हे ठरत नसेल तर झोपायची वेळ आधी ठरवा. सातला उठायचं असेल तर साडेनऊ. तिथून उलटं मागं यायचं. जे मावणार नाही ते आपोआप गळतं, सासूबाईंशी वाद घालावा लागत नाही.

जेवण. मूल शाळेतून आल्यावर सगळ्यात जास्त भुकेलेलं असतं आणि तेव्हा आपण त्याला बिस्किटं देतो. मैदा आणि साखर. भूक मेल्यासारखी होते, मग साडेनऊला झोप आलेल्या मुलाच्या तोंडात आपण चपाती कोंबतो आणि मोबाइल दाखवून गिळायला लावतो. पाचला पोटभर द्या. भाजी-चपाती, थालीपीठ, डाळ-भात, काहीही घरचं. घाई असेल तर शेंगदाणे-गूळ आणि केळं. रात्री आठला जेवढं खाईल तेवढं खाऊ दे, थोडं खाल्लं तरी चालतं. हे केल्यावर जेवतानाचा मोबाइल निम्म्या घरांत आपसूक सुटतो असा माझा अनुभव आहे. सुरुवातीला चार-पाच दिवस रडारड होते, ती काढावी लागते.

डोळे. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. घरातल्या ट्यूबलाइटनं ते होत नाही. म्हणून पाच ते साडेसहा हा वेळ ट्यूशनला देऊ नका, काय द्यायचं ते अंधार पडल्यावर द्या.

चार वर्षांच्या धाकटीचंही बघा. तिच्या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, तोही कमी झाला तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दादा जेवताना बघतो तेव्हा तीही बघत असणार, तो वेळ तिच्या खात्यात धरा.

तालमीतला जुना

आमच्या वेळी हे असले प्रश्नच नव्हते. पहाटे वस्ताद उठवायचे, उशीर झाला की पाठीत एक. संध्याकाळी परत मेहनत. आणि गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. दोन कानाखाली बसल्या की पोरगं सरळ येतं. आताच्या आईबापांना हात उचलायची लाज वाटते.

करवीरचा मास्तर

दादा, मेहनत आणि दूध मान्य. मारणं नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. कायदा सोडा. मार खाणारं पोरगं आपली चूक लपवायला शिकतं, आणि लपवलेली चूक मला शिकवता येत नाही. मी वर वहीचं जे लिहिलं तेच हे.

बालदवाखाना

दुधाबद्दल मात्र मी अडवणार. कट्ट्यावरचं ताजं दूध ही कोल्हापूरची शान आहे, मलाही आवडतं. पण लहान मुलांना कच्चं दूध देऊ नका. जनावराला ब्रुसेलोसिस किंवा टीबी असेल तर तो दुधातून येतो आणि जनावर वरून धडधाकट दिसू शकतं. घरी आणा, एक उकळी काढा, मग द्या. साय खायला मिळते ती वेगळी.

तालमीतला जुना

उकळलेलं दूध पिऊन हिंदकेसरी कोण झालाय ते सांगा.

मिश्किल माणूस

तुम्ही कच्चं पिऊन झालात का?

संपादक

धाग्याच्या विषयावर राहूया. 'दहा दिवसांत स्मरणशक्ती तिप्पट' ही जाहिरात करणारा एक प्रतिसाद काढून टाकला आहे. त्या सदस्याने तीच जाहिरात कांदा-लसूण चटणीच्या धाग्यावरही टाकली होती.

कसबा बावड्याची

मी शेतकरी घरातली. आमच्याकडं क्लासचा प्रश्न न्हाय, पैशाचाच हाय. पण मोबाइलचा हाय. नवरा ऊसतोडीच्या हंगामात रात्री-अपरात्री शेतात, मी गोठ्यात धार काढत असतो, तोवर पोरगी आणि मोबाइल. मी एकच केलो. मोबाइल चार्जिंगला गोठ्याजवळच्या बोर्डाला लावतो. तिथं बसून बघायचं म्हटलं की डास खातात, शेणाचा वास येतोय. दहा मिनिटांत कंटाळून येती आणि रेडकाशी खेळत बसती. उपाय भारी न्हाय पण फुकट हाय.

राजारामपुरीतला बाबा

ह्या धाग्यावरचा सगळ्यात उत्तम प्रतिसाद. आमच्या फ्लॅटमध्ये गोठा कुठून आणू?

कसबा बावड्याची

बाथरूमभाईर लावा की.

कडक चहा

आता माझं ऐका. मी शिवाजी पेठेतला, फुटबॉलवाला. पोराला मैदानावर सोडा. कोल्हापुरात पेठेपेठेत संघ हाईत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, सगळ्यांच्या आसपास बारकी पोरं खेळतच असतात. कुठं नाव नोंदवायला लागत न्हाय. संध्याकाळी जाऊन कडंला उभं राहायचं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंय, 'ये रं, गोलला थांब.' ह्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला. तो क्रीडा प्रबोधिनीतनं, म्हणजे खेळाडू घडवणाऱ्या सरकारी निवासी संस्थेतनं, वर आला. राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे बी प्रबोधिनीचाच, पॅरिसला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं. म्हणजे रस्ता हाय.

नको रे बाबा

शाहू स्टेडियमवर मॅचला दोन पेठांचे समर्थक एकमेकांना काय बोलतात ते ऐकलंय का? कधी कधी दगडही उडतात. माझा मुलगा एकदा मॅच बघून आला आणि घरी जे शब्द बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. खेळ चांगला, वातावरणाचं काय?

कडक चहा

ते खरं हाय, नाकारत न्हाय. म्हणून आठ वर्षांच्या पोराला फायनलला गॅलरीत न्यायचं न्हाय. खेळायला न्या, बघायला मोठा झाल्यावर. आणि शिव्या शाळेच्या रिक्षात बी शिकतंय.

पदकाचं मी बोललो ते सासूबाईंना पटवायला. खरं म्हणजे पोरगं संध्याकाळी दमलं की रात्री जेवतंय आणि पडल्या पडल्या झोपतंय. माझ्या घरात एवढाच फायदा झालाय आणि मला तेवढा बास.

वाचनवेडी

कुणीच पुस्तकांचं बोललं नाही म्हणून लिहिते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, आपल्या गावात इतकं जुनं ग्रंथालय असून आपण पोरांना मॉलमध्ये नेतो. एकदा मुलाला आत न्या आणि कपाटापुढं सोडून द्या, तुम्ही निवडू नका. तो जाडजूड चित्रांचं काहीतरी उचलेल, उचलू दे. रात्री झोपताना दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, वाचता येत असलं तरी. तिसरीतल्या मुलाला समजण्याची ताकद वाचण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ जास्त असते. स्वतः वाचताना तो अक्षरांत अडकतो, गोष्ट हातातून निसटते. ऐकताना गोष्ट मिळते, आणि तिच्यापायी तो पुढं स्वतः वाचतो.

सेमी की पूर्ण इंग्रजी ह्यावर वेगळा धागा आहे, तिथं चारशे प्रतिसाद झालेत, इथं आणू नका ही विनंती.

करवीरचा मास्तर

वाचून दाखवण्याला जोरदार अनुमोदन. स्कॉलरशिपचं राहिलं. ही परीक्षा शासन कधी चौथी-सातवीला घेतं, कधी पाचवी-आठवीला. तिसरीत त्याचा क्लास लावू नका. त्या पेपरात प्रश्न नीट वाचून काय विचारलंय ते ओळखायला लागतं, मुलं तिथंच गुण घालवतात. गणित येत असूनही 'कोणते नाही' मधला 'नाही' सुटतो. आत्ता वाचन पक्कं करा. परीक्षेच्या वर्षी शाळेतच तास घेतात, बहुतेक ठिकाणी फुकट.

मिश्किल माणूस

'नाही' न वाचणं ही फक्त पोरांची अडचण नाही. 'येथे गाडी लावू नये' समोर महाद्वार रोडला बघा.

राजारामपुरीतला बाबा

मास्तर आणि डॉक्टर, तुमचं वाचून बायकोशी बोललो. क्लास आम्हाला बंद करता येत नाहीत. पण क्रम बदलता येतोय. पाच ते सहा ट्यूशन होती, ती सोडून मुलीला कॉलनीतल्या तीन-चार पोरींबरोबर खाली खेळायला ठेवायचं, एका रिटायर्ड काकूंनी वर गॅलरीतून लक्ष ठेवायचं कबूल केलंय. आम्ही चार घरं मिळून त्यांना महिन्याला काहीतरी द्यायचं म्हणतोय, त्या नको म्हणतात, ते बघू. सहानंतर अबॅकस-चित्रकला आहे तसंच.

आमच्यासारखे अजून असतील तर एकाच बिल्डिंगीतले पालक हे करू शकतात.

कागलची आज्जी

काकूंना पैसं घ्यायला लावा. फुकटचं काम चार महिन्यांनी नकोसं वाटतंय, मग कुणी बोलून दाखवत न्हाय.

पेठेतली आई

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

मास्तर, तुमची परीक्षा घेतली. वाचन ठीक आहे, सांगतोही छान, भर घालून सांगतो. ५०३ वजा १७८ मात्र ४७५ आलं. शून्याच्या घरात येऊन गोंधळ. दोन वर्षं ट्यूशन आहे. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, वहीत सगळं बरोबर आहे की हो. वही बघितली, खरंच सगळं बरोबर आहे, फळ्यावरून उतरवलेलं.

तेव्हा ट्यूशन ह्या महिन्याअखेर बंद. अबॅकसची फी सहा महिन्यांची आगाऊ भरलीय, ती परत मिळत नाही, म्हणून ते चालू राहील. सासूबाईंना डॉक्टरांचं उलटं मोजायचं गणित दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण काल पाचला थालीपीठ लावलं त्यांनीच. रात्री आठला पोरगं अर्धी चपाती खाऊन उठलं, त्यावर मात्र बोलल्या, आणि बऱ्याच बोलल्या.

मोबाइलची रडारड सुरू आहे. धाकटी जास्त रडते, डॉक्टर बरोबर होत्या.

मास्तर, तो शून्याचा हातचा घरी कसा समजवायचा?

करवीरचा मास्तर

खऱ्या नोटांनी. शंभराच्या पाच आणि रुपयाची तीन नाणी त्याच्यापुढं ठेवा, दहाची एकही नको. म्हणा, मला १७८ दे. तो अडकेल. अडकू द्या, सांगू नका. शंभराची एक मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतात, आणि त्यातली एक मोडून परत दहा नाणी, हे त्याला स्वतः सुचू दे. सुट्टे पैसे तुमच्याकडं वेगळे ठेवा, तुम्ही बँक. दोन-तीन वेळा झालं की मग वहीत मांडा, आणि प्रत्येक हातचा घेताना कुठली नोट मोडली ते त्यानं बोलायचं. वहीकडं घाईनं जाऊ नका.

आज्जींचा बाजार हेच करतो, फक्त मागं रांग असते.

कडक चहा

वहिनी, रविवारी सकाळी सातला गांधी मैदानावर या. पाऊस झाला असंल तर येऊ नका, तळं होतंय तिथं. फुटबॉलचे बूट एवढ्यात घेऊ नका, साधे कॅनव्हास चालतील, पाय वाढत असतोय. पाण्याची बाटली आणि घरनं काहीतरी खायला आणा.

पेठेतली आई

येतो. धाकटीला पण आणू का? एकटी घरी राहणार नाही.

कडक चहा

आणा की. माझी पोरगी बी येती. गोलला उभं राहायला कोण मिळतच न्हाय.